शरीर सांगतं ते (लेखांक ९) : उशी भिजते तेव्हा

गेल्या आठवड्यात तापाबद्दल लिहिलं. आज घाम, पण फक्त रात्रीचा.

मे महिन्यात वीज गेल्यावर रत्नागिरीत येणारा घाम यात धरायचा नाही. पंखा चालू आहे, हवा गार आहे, शेजारचं माणूस पांघरूण ओढून घेतंय आणि आपला गाऊन मात्र बदलावा लागेल इतका ओला, अशा घामाबद्दल हे आहे.

पंचेचाळिशीतल्या बाईला असं झालं की घरचं निदान तयार असतं : ‘पाळी जायची वेळ आली.’ बहुतेकदा ते बरोबर निघतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान सांभाळतो. किरकोळ चढउतारांकडे तो एरवी लक्षच देत नाही. इस्ट्रोजेन घटलं की तिथल्या काही चेतापेशी नको तितक्या चेकाळतात आणि जरासं तापमान वाढलं तरी तो हुकूम सोडतो : उष्णता बाहेर काढा! रक्तवाहिन्या फुलतात, मान-चेहरा तापतो, घाम फुटतो आणि पाच मिनिटांत ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. बायका याला ‘वाफा येणं’ म्हणतात. डॉक्टरी शब्दापेक्षा हा नेमका आहे.

सुती कपडे, जाड रजईऐवजी दोन पातळ चादरी, संध्याकाळी दारू आणि तिखट कमी, याने बऱ्याच जणींना उतार पडतो. सब्जा खुशाल प्या, पण हायपोथॅलॅमसपर्यंत तो पोचत नाही. झोपेचं खोबरं होत असेल तर हार्मोनच्या गोळ्या सर्वांत गुणकारी. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना किंवा रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्यांना सहसा त्या देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. नेमक्या त्या चेकाळलेल्या पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. दुष्परिणाम म्हणून यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

माझी तक्रार त्या तयार निदानाबद्दल आहे. ‘वय झालं’ म्हटलं की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारं माणूस पहाटे तीनला घामाने डबडबून, छातीत धडधडत उठलं तर आधी ग्लुकोमीटर काढा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम सुटतो. म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना सांगायचं असतं. मानेत, काखेत न दुखणारी गाठ असेल तर ती दाखवायला उशीर नको.

आणि क्षय. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन आणि रात्रीचा घाम, ही चार लक्षणं आपल्या देशात प्रत्येकाला पाठ हवीत. यातलं एकही असलं तरी तपासणी करायची. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईला क्षय होत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. खोकला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, क्षय फुफ्फुसाबाहेरही होतो.

बेडक्याची तपासणी आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.