कपाटातली जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते का?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मामाच्या कपाटातून एक तपकिरी चामडी केस निघाली. आत झेनिट-ई हा सोव्हिएत बनावटीचा फिल्म कॅमेरा आणि त्यावर हेलिओस ४४-२ ही लेन्स. मामा मर्चंट नेव्हीत होता. ओडेसा बंदरात जहाज लागले असताना त्याने तो घेतला होता. आता शटर अडकले होते आणि रोल धुऊन देणारा गल्लीतला स्टुडिओही केव्हाच बंद झाला होता. मामी म्हणाली, "हवा तर ने, नाहीतर भंगारात जाईल." मी नेला. ९०० रुपयांचे ॲडॅप्टर मागवले आणि तीन दिवसांनी ती लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर होती. तिने काढलेला आजीचा फोटो आज आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे.

या यशाने हुरळून जाऊन पुढच्याच महिन्यात ऑनलाइन एक १३५ मिमीची जुनी लेन्स घेतली, २,८०० रुपयांना. ती आतून बुरशीने भरलेली निघाली. फुकटची चालली, विकतची वाया गेली. या दोन लेन्समधला फरक तीन मिनिटांच्या तपासणीत कळला असता. ती तपासणी पुढे सांगितली आहे. त्याआधी हे सगळे जमते कसे, ते पाहू.

एवढ्या स्वस्त का?

पोर्ट्रेटसाठी मोठ्या ॲपर्चरची नवी लेन्स घ्यायला गेलात तर गोष्ट सहज काही दहा हजारांत जाते. त्यात ऑटोफोकसची मोटर असते, इलेक्ट्रॉनिक्स असते, कॅमेऱ्याशी बोलणारी चिप असते. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये यातले काहीच नसते. भिंगे, धातूची नळी, आटे, ग्रीस आणि ॲपर्चरची पाती, एवढाच कारभार. बिघडण्यासारखे फारसे काही नसल्यामुळेच त्यातल्या अनेक अजून चालतात.

हेलिओसचे मूळ जर्मन आहे. कार्ल त्साइस येनाने १९३० च्या दशकात बायोटार ५८ मिमी एफ/२ ही लेन्स आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने त्याच रचनेवर, म्हणजे चार गटांत बसवलेल्या सहा भिंगांवर, हेलिओस-४४ बेतली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात आणि पुढे इतर कारखान्यांतही ती बनत राहिली. झेनिट कॅमेऱ्यासोबत ती लाखोंच्या संख्येने जगभर गेली. बाजारात माल भरपूर आणि ऑटोफोकस नाही, म्हणून किंमत कमी. तिच्यावरच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा निर्मितीचे वर्ष सांगतात. मामाची लेन्स ८१ ने सुरू होते, म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे.

कोणत्या कॅमेऱ्यावर बसेल?

सगळा खेळ एका अंतराचा आहे. लेन्स कॅमेऱ्याच्या ज्या धातूच्या कड्यावर टेकते, तिथपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते. त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. लेन्स नेमकी त्या अंतरावर असेल तरच दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो.

झेनिटचा माउंट एम४२, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे साधे आटे. लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. याचे अंतर ४५.४६ मिमी. जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होत असे, त्याला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनी ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी, फुजी एक्समध्ये १७.७, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. आता वजाबाकी करा: ४५.४६ वजा १८ म्हणजे २७.४६ मिमी. एवढ्या लांबीची एक पोकळ नळी मध्ये घातली की काम झाले. ॲडॅप्टर म्हणजे तीच नळी. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा बिघडण्याचा प्रश्न येत नाही. नळीची लांबी अचूक हवी आणि ती डगमगायला नको, एवढेच. याच हिशेबाने कॅनन एफडी (४२ मिमी), मिनोल्टा (४३.५ मिमी), निकॉन एफ (४६.५ मिमी) अशा जवळपास सगळ्या जुन्या एसएलआर लेन्स मिररलेसवर बसतात. मात्र प्रत्येकीचे ॲडॅप्टर वेगळे.

डीएसएलआर असेल तर जरा थांबा. कॅनन ईएफचे अंतर ४४ मिमी आहे, म्हणजे एम४२ साठी १.४६ मिमीची चकती पुरते. (फुल फ्रेम बॉडीवर काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो, तेवढे सांभाळा.) निकॉन डीएसएलआरचे अंतर मात्र ४६.५ मिमी. लेन्सला १.०४ मिमी आत जायला हवे आणि ते शक्य नाही. मग होते काय? ५८ मिमीच्या लेन्ससाठी गणित केले तर, ॲडॅप्टरची जाडी शून्य धरूनही, साधारण सव्वातीन मीटरच्या पलीकडचे काहीच फोकसमध्ये येत नाही. जाडी धरली की मर्यादा आणखी जवळ येते. यावर उपाय म्हणून काच बसवलेली ॲडॅप्टर मिळतात, पण चांगल्या भिंगापुढे सुमार भिंग लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. निकॉनवाल्यांनी निकॉनच्याच १९७७ नंतरच्या एआय मॅन्युअल लेन्स शोधाव्यात. डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडींवर लाइट मीटर चालणार नाही, एक्सपोजर अंदाजाने लावावे लागेल. पण अनंतापर्यंत फोकस मिळेल.

लावली, पण शटर दबत नाही

पहिल्या दिवशी माझेही असेच झाले आणि लेन्स खराब आहे असे वाटले. कॅमेऱ्याला चिप सापडत नाही, म्हणून तो लेन्सच नाही असे समजतो. मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' किंवा 'शूट विदाउट लेन्स' असा पर्याय असतो, तो चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेन्थ हाताने भरा. हेलिओससाठी ५८. हा आकडा चुकला तर कॅमेरा चुकीच्या प्रमाणात सेन्सर हलवतो आणि फोटो उलट जास्त हलतो. मोड 'ॲपर्चर प्रायॉरिटी' ठेवा. ॲपर्चर लेन्सवरच्या कड्याने बदलायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो.

हेलिओस ४४-२ वर ॲपर्चरची दोन कडी आहेत. एक टकटक आवाज करत आकडा ठरवते, दुसरे आवाजाविना तिथपर्यंत उघडते आणि मिटते. पूर्ण उघडून फोकस करायचा, मग मिटवायचे. इतर अनेक एम४२ लेन्सना मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. लेन्सवर ए आणि एमचे बटण असेल तर एमवर ठेवा, नसेल तर पिन दाबणारे ॲडॅप्टर घ्या.

फोकस हाताने जमतो का?

जमतो, पण पहिले २०० फोटो फुकट जातील. एपीएस-सी सेन्सरवर दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ/२ वर काढला तर स्पष्ट भागाची खोली जेमतेम पाच सेंटीमीटर मिळते. डोळे स्पष्ट असतील तर कान नसतात. फोकस पीकिंगमध्ये स्पष्ट कडा लाल किंवा पिवळ्या चमकतात, पण एफ/२ वर ते बरेचदा फसवते. स्क्रीनवर डोळा मोठा करून पाहणे अधिक खात्रीचे. आजीचा फोटो जमला कारण ती गहू निवडत एका जागी बसली होती. भाच्याचे जवळपास सगळे फसले, तो अडीच वर्षांचा आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने वरमाला पडण्याच्या क्षणी ही लेन्स लावू नये. रस्त्यावर फिरताना एफ/८ आणि तीन मीटर लावून ठेवले तर फोकसला हातही लावावा लागत नाही.

हेलिओसची ख्याती आहे ती मागच्या झाडापानांचा भोवरा झाल्यासारखे दिसण्याची. हा खरे तर दोष आहे. कडेकडून तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सची नळीच अडवते, त्यामुळे कडेचे प्रकाशाचे ठिपके गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात आणि केंद्राभोवती फेर धरतात. आजचे डिझायनर हे टाळण्यासाठी डोके फोडतात. ग्रेग फ्रेझर या छायालेखकाने मात्र 'ड्यून: पार्ट टू'साठी सोव्हिएत काळातल्या लेन्स मुद्दाम वापरल्या. एपीएस-सी कॅमेरा कडा कापून टाकतो, त्यामुळे भोवरा कमी दिसतो. ५८ गुणिले दीड, म्हणजे ८७ मिमीचा दृश्यकोन मिळतो, जो चेहऱ्यासाठी उत्तम. भोवऱ्यासाठीच लेन्स घेणार असाल तर फुल फ्रेम हवा.

घेताना काय पाहायचे?

तीन मिनिटांची तपासणी ती ही. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, म्हणजे फंगस. दुधाळ थर दिसला तर हेझ. धुळीचे चार कण सोडून द्या, ते फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. मग फोकसचे कडे टोकापासून टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर ग्रीस वाळले आहे, ते बदलता येते. पात्यांवर तेल असेल तर ती अडकतात. ऑनलाइन घेत असाल तर टॉर्च मारलेला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे सरका. मी नेमके हेच केले नव्हते.

काच पिवळी दिसली तर घाबरू नका. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही जपानी लेन्सच्या काचेत थोरियम वापरले होते, ती काळाने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच कमी होतो. उन्हात ठेवणार असाल तर लक्ष असू द्या, भिंगाने कागद पेटतो हे शाळेतच शिकलो आहोत. आणि अशी काच घासायला किंवा पॉलिश करायला जाऊ नका.

बुरशीचे मात्र गांभीर्याने घ्या. मुंबई-कोकणातला पावसाळा तिला मानवतो आणि जुनी चामडी केस ओल धरून ठेवते. बुरशी भिंगावरच्या कोटिंगवर वाढते आणि वेळेत काढली नाही तर कोटिंग खाते. मग साफ केल्यावरही व्रण राहतात. १३५ मिमीची लेन्स घेऊन मी फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो, तिथे कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी ती उजेडाकडे धरली, दोन सेकंद पाहिले आणि परत दिली. साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीएवढा, आणि करूनही डाग राहणार. मग त्यांनी विचारले, "चांगली आहे ती कशात ठेवता?" मी चामड्याच्या केसचे नाव काढताच त्यांनी कपाळाला हात लावला.

आता हेलिओस हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात आहे. सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा, वर चढला की पुड्या बदलायच्या. मामाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याच कपाटात आणखी एक डबा आहे, त्याच्या बोटीवरच्या मित्राने दिलेला, कधी उघडलाच नाही. रविवारी टॉर्च घेऊन जाणार आहे.