सन १९३१ चा न पडलेला दुष्काळ

पैसेवारी म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. तालुका कचेरीतील नोकरीत गावोगावचे पैसेवारीचे तक्ते आमच्या हातांखालून गेले. प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि पीक हाती आल्यावर अंतिम, असे तिचे तीन टप्पे असतात. भाद्रपदात रान हिरवेगार दिसते म्हणून साठ पैसे धरलेले गाव परतीचा पाऊस न आल्यास अखेरीस चाळीसावर येते. आणि पन्नासाच्या आत आले की नाही, यावर टंचाईच्या सवलती अवलंबून असतात. अंदाज चुकतो याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटत नाही. चुकलेला अंदाज वेळीच दुरुस्त झाला नाही तर मात्र गरिबाचे नुकसान होते. याच दृष्टीने सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका फार मोठ्या नजरअंदाजाची हकीकत आज सादर करीत आहोत.

सन १८९८ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सर विल्यम क्रुक्स. हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. थॅलियम धातूचा शोध त्यांनीच १८६१ साली लावला होता. भाषणास त्यांनी विषय घेतला गव्हाचा. १८७१ साली जगात गव्हाची रोटी खाणारे लोक ३७ कोटी १० लाख होते. १८९८ साली ते ५१ कोटी ६५ लाख झाले. खाणारी तोंडे अशीच वाढत गेली आणि गव्हाजोगी शिल्लक असलेली सारी जमीन लागवडीस आणली, तरी १९३१ च्या सुमारास ती पुरी पडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

तथापि क्रुक्स यांनी केवळ भीती घालून लोकांस घरी पाठविले नाही. जमीन वाढत नसेल तर एकरी उतारा वाढविला पाहिजे, आणि त्यास नत्र पाहिजे, हे त्यांनी रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या आधारे दाखविले. नत्रखताचा त्या वेळचा मोठा साठा म्हणजे चिली देशातील सोरा. तो खाणीतून काढावयाचा, म्हणजे कधीतरी संपणारच. उलट आपल्या डोक्यावरील हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असून पिकास ते जसेच्या तसे घेता येत नाही. हे हवेतील नत्र बांधून त्याचे खत करणे, हेच रसायनशास्त्रज्ञांपुढील मोठे काम होय, असे त्यांनी बजावले.

आता या अंदाजाची अंतिम पैसेवारी पाहू. १९३१ साल उजाडले तेव्हा जगात गव्हाचा तुटवडा नव्हता. उलट गहू इतका साचला होता की भाव पार कोसळले. परदेशचा स्वस्त गहू येऊ लागल्यामुळे हिंदुस्थान सरकारास त्याच वर्षी गव्हावर आयातकर बसवावा लागला. ज्या सालासाठी उपासमार भाकीत केली होती, त्या साली शेतकरी बुडाला तो पिकाच्या विपुलतेने व मंदीने. कॅनडा, अर्जेंटिना व ऑस्ट्रेलिया येथे क्रुक्स यांनी धरली त्याहून पुष्कळ अधिक जमीन गव्हाखाली आली. थंडीपूर्वी लवकर पिकणारे नवे वाण निघाले. घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. यांपैकी काहीच १८९८ च्या तक्त्यात नव्हते.

त्या तक्त्यात आणखी एक उणीव होती, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. त्यांच्या चिंतेचा विषय गहू खाणारा समाज. ज्वारी, बाजरी, भात व मका यांवर जगणारे लोक त्या हिशेबाबाहेर होते. खरा दुष्काळ तर तेव्हा आपल्याच दारी होता. १८९६-९७ साली एक पडून गेला होता आणि भाषणानंतर वर्षभरातच १८९९-१९०० चा दुसरा पडला. जगातील धान्य संपल्यामुळे ते लोक मेले नाहीत. पाऊस हुकला, काम गेले आणि बाजारातील धान्य घेण्यास गाठीस पैसा उरला नाही, म्हणून मेले.

मग क्रुक्स यांचे भाकीत फोल ठरले म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी सांगितलेले साल चुकले. सांगितलेला उपाय खरा ठरला. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखविला. कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्याजोगी केली आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. योगायोग असा की, बॉश यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३१ सालीच. आपल्याकडे सिंद्रीचा खतकारखाना १९५१ साली चालू झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या रीतीने बांधलेल्या नत्रावर पिकते, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

परंतु उपायाचेही परिणाम असतात, आणि ते क्रुक्स यांच्या भाषणात आले नव्हते. याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात स्फोटके झाली. १९२१ साली ओपाऊ येथेच खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे दगावली. शेतातील परिणाम इतका मोठा आवाज करीत नाही, एवढेच. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र असते. त्यातील निम्मेदेखील पुष्कळदा पिकास मिळत नाही. उरलेले काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीस मिळते.

येथे आमची स्वतःची चूक कबूल करतो. निवृत्तीनंतर प्रथमच स्वतः गहू केला, तेव्हा शिफारशीपेक्षा एक गोणी अधिक टाकली. पीक काळेभोर झाले. येणारे जाणारे बांधावर थांबून पाहू लागले, आणि आम्ही मनातल्या मनात पोत्यांची मोजदाद करून ठेवली. ओंबी भरावयाच्या वेळी एका रात्री वारा सुटला आणि सारा गहू लोळला. दाणा चिमला, मजुरी दुप्पट पडली. दुसऱ्याचे अंदाज तपासण्यात उमर घालविलेल्या कारकुनास स्वतःचा अंदाज सुधारण्याची बुद्धी झाली नाही!

हल्लीही पाणी, हवामान व अन्न यांविषयी पुढील वीस-तीस वर्षांची भाकिते आपल्या कानी येतात. ती हसण्यावारी नेऊ नयेत, आणि ऐकून हातपायही गाळू नयेत. हिशेबात कोण व काय धरावयाचे राहिले, उपाय कोणता सांगितला आहे, आणि अंदाज पुन्हा केव्हा तपासला जाणार, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्याने उपाय सांगितला, त्याचे साल चुकले तरी ऐकून घ्यावे.

नत्रापुरते बोलावयाचे तर कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधतात, हे हेलरीगेल या जर्मन संशोधकाने १८८६ सालीच जाहीर केले होते. आपल्या वडीलधाऱ्यांस हरभऱ्याच्या बेवडाचा गुण त्याही आधीपासून ठाऊक होता. म्हणून शेतकरीबंधूंस सुचवितो की, माती तपासून घ्यावी, युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, आणि फेरपालटीत हरभरा, तूर, उडीद यांस जागा ठेवावी. आमच्या लोळलेल्या गव्हाच्या रानात आम्ही यंदा हरभरा धरला आहे. पुढील गव्हास किती गोण्या लागतील याचा आकडा वहीत मांडला आहे खरा. पण त्यापुढे 'नजरअंदाज' असे लिहून ठेवले आहे.