कॉम्प्युटर एक, लॉगिन अनेक : फाइल कुणाची आणि पुसणार कोण?

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एक जुना कॉम्प्युटर आहे. लायसनचा खर्च नको म्हणून त्यावर उबुंटू लिनक्स टाकलं आणि प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन दिलं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली असताना एका मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन कॉपी गायब झाली. एका मुलाने ‘जागा करायला’ ती पुसली होती. दाखल्याचा फोटो तिच्या अब्बांच्या फोनमध्ये होता म्हणून फॉर्म गेला, नाहीतर अवघड होतं.

फाइल त्या मुलीची होती आणि त्या मुलाला तिच्यात एक अक्षर बदलायची परवानगी नव्हती. मग पुसता आली कशी?

उत्तर असं की लिनक्समध्ये पुसण्याचा हक्क फाइलवर नाही, तर ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरवर ठरतो. फोल्डर म्हणजे नावांची यादी. यादीत लिहिण्याचा हक्क ज्याला, तो कुणाचंही नाव खोडू शकतो. आणि आम्हीच कटकट नको म्हणून त्या फोल्डरला ७७७ देऊन ठेवलं होतं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं.

यावरचा उपाय म्हणजे स्टिकी बिट. जुम्याला मशिदीबाहेरच्या रॅकवर चप्पल कुणीही ठेवावी, उचलताना मात्र आपलीच उचलावी, तसं. नेहमीच्या तीन आकड्यांच्या आधी १ लावून ‘सीएचमॉड १७७७’ केलं, की फाइल फक्त तिचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट, म्हणजे मुख्य व्यवस्थापक, पुसू शकतो. ‘एलएस -एल’ने पाहिलं तर परवानग्यांच्या शेवटी टी दिसतो. लिनक्सचा टीएमपी फोल्डर असाच असतो. (नाव ‘चिकट’ का? जुन्या युनिक्समध्ये हा बिट प्रोग्रॅमला लावत, म्हणजे काम संपल्यावरही तो स्वॅपमध्ये चिकटून राही. ते काम गेलं, नाव राहिलं.)

पण स्टिकी बिट पुसणं थांबवतो, वाचणं नाही. आधारची स्कॅन कॉपी असेल तर त्या फाइललाच ६०० द्या.

वाचण्याचा प्रश्न जकातीच्या अर्जांत जास्त नाजूक. कोणत्या घरातून अर्ज आला, किती कर्ज आहे, ही अमानत आहे. ती कमिटीच्या तिघांनीच पाहावी. त्यासाठी तिघांचा एक ग्रुप केला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर केला आणि ‘सीएचमॉड २७७०’ दिलं. शेवटच्या शून्यामुळे बाकीच्यांना आत शिरताच येत नाही. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्या ग्रुपची होते. इथे दोनदा फसलो. दुसरीकडून हलवून आणलेली फाइल जुनाच ग्रुप घेऊन येते. आणि ‘यूमास्क’ ०२२ असेल तर सोबत्यांना फाइल वाचता येते, बदलता येत नाही. तो ००२ हवा.

तिसरा आकडा ४, सेटयूआयडी. पासवर्ड ज्या शॅडो फाइलीत असतात तिला साधा वापरकर्ता हात लावू शकत नाही, तरी आपला पासवर्ड आपण बदलतोच. कारण ‘पासडब्ल्यूडी’ हा प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी तेवढ्यापुरता रूटच्या अधिकाराने चालतो. चावी ट्रस्टींची, काम मुअज्जिनचं. ही युक्ती बेल लॅब्सच्या डेनिस रिची यांची. १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं.

हा बिट मात्र स्वतःहून कशालाही लावू नका, आमचं स्पष्ट मत आहे. अशा प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर साधा वापरकर्ता थेट रूट होतो. ‘पीकेएक्झेक’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये २००९ पासूनची अशीच चूक जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली आणि बहुतेक मोठ्या लिनक्सना घाईने दुरुस्ती काढावी लागली. म्हणून अपडेट टाळू नका. ‘फाइंड’ला ‘-पर्म -४०००’ सांगून असे प्रोग्रॅम अधूनमधून तपासता येतात.

बऱ्याच ठिकाणी सगळी मुलं ‘स्टुडंट’ या एकाच लॉगिनवर बसतात. तिथे यातलं काहीच चालणार नाही, कारण मशीनच्या लेखी ती सगळी एकच माणूस आहेत. आधी लॉगिन वेगळे करा. एका संध्याकाळचं काम आहे.