वर्दी उतरली, खुर्चीही गेली, मग उरलं काय? जिमी कार्टर यांच्या गोदामातून शिकण्यासारखं



आपल्या चॅनेलवर माजी सैनिकांचे मेसेज नेहमी येतात. कोणी कोकणातले, कोणी सातारा-कोल्हापूरकडचे. नौदलात पंधरा-वीस वर्षं काढलेली असतात, वय पस्तीस-चाळीस, हातात निवृत्तीचे पैसे आणि डोक्यात एकच प्रश्न: आता कोणता धंदा करू? याच्या मागे आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. तिकडे रँक होती, मान होता. इथे गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी घासाघीस करतं. मग आपण नक्की कोण?

म्हणून आज अमेरिकेतल्या एका माजी नौदल अधिकाऱ्याची गोष्ट घेतली आहे. नाव जिमी कार्टर. तुम्ही त्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखता. पण आपल्या कामाचे आहेत ते दुकानदार कार्टर, आणि रविवारी चर्चमध्ये शिकवणारे कार्टर. हा माणूस दोनदा सगळं सोडून आपल्या छोट्याशा गावी परतला. दोन्ही वेळा पैशाची अडचण होती. दोन्ही वेळा तो उभा राहिला.

पाणबुडीतून खताच्या गोदामात

कार्टर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावचे. आजही तिथली वस्ती हजाराच्या आत आहे. १९४६ मध्ये ते अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, पाणबुड्यांवर काम केलं आणि पुढे अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी कार्यक्रमात निवडले गेले. रिकोव्हर म्हणजे प्रचंड कडक माणूस.

डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. ती उघडून साफ करायच्या कामावर कार्टर यांची तुकडी गेली. किरणोत्सर्ग एवढा होता की एका माणसाला आत सुमारे दीड मिनिटच थांबता यायचं. मग त्यांनी काय केलं? बाहेर टेनिस कोर्टवर अणुभट्टीची प्रतिकृती उभी केली आणि तिथे सराव केला. कोणता बोल्ट कोणी काढायचा, कोणतं हत्यार कोणाच्या हातात, सगळं आधी ठरवलं. आत गेल्यावर विचार करायला वेळच नव्हता.

मित्रांनो, सैन्यातून तुम्ही जे घेऊन येता ते हे. रँक तिथेच राहते, सवय तुमच्याबरोबर येते. दिवाळीच्या गर्दीआधी किती दुकानदार अशी रंगीत तालीम घेतात, सांगा बरं?

जुलै १९५३ मध्ये कार्टर यांचे वडील कर्करोगाने गेले. शेती, दुकान, गावातलं वजन, सगळं वडिलांचं. शेवटच्या दिवसांत गावातली माणसं, गोरी आणि कृष्णवर्णीयसुद्धा, भेटायला येत राहिली. वडिलांनी कोणाकोणाला गुपचूप मदत केली होती, ते मुलाला तेव्हा कळलं. आपण नौदलात कितीही वर चढलो तरी आपल्यामुळे इतक्या लोकांच्या आयुष्यात फरक पडेल का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ऑक्टोबरमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी नौदल सोडलं.

पत्नी रोझलिन यांना हे अजिबात मान्य नव्हतं. नौदलामुळे जग बघायला मिळत होतं, आणि आता पुन्हा त्याच खेड्यात! हा भाग मी मुद्दाम सांगतोय. धंद्याचा निर्णय घरच्यांना विश्वासात न घेता घेतला, तर पहिली उधारी घरातच चढते.

पहिलं वर्ष कोरडं गेलं

वडिलांनी अनेकांची देणी माफ केली होती, उरलेली मालमत्ता भावंडांत वाटली गेली. कार्टर यांच्या वाट्याला फार काही आलं नाही. बायको-मुलांसह ते सरकारी वसाहतीतल्या भाड्याच्या घरात राहिले. धंदा होता भुईमुगाचा आणि शेतकऱ्यांना खत-बियाणं विकण्याचा. १९५४ मध्ये दुष्काळ पडला. उधारीवर नेलेल्या मालाचे पैसे आले नाहीत. वर्षभराचा नफा ३०० डॉलरच्याही आत राहिला.

आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस नाही तर वसुली नाही.

कार्टर यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, शिकायला बसले. अणुभट्टी समजणारा हा माणूस शेतीचे वर्ग करू लागला, जाणकारांना विचारू लागला. दुसरी, नुसता भुईमूग विकण्याऐवजी बियाण्याच्या भुईमुगावर भर दिला. बियाणं म्हटलं की दर्जा सांभाळावा लागतो, आणि दर्जा सांभाळला की भाव मिळतो. तिसरी, हिशोब रोझलिन यांच्या हातात दिला. त्या वह्या सांभाळू लागल्या आणि काही वर्षांत कोणता धंदा पैसे देतोय, कोणता खातोय, हे त्यांनाच जास्त कळू लागलं. कार्टर त्यांचा सल्ला घ्यायचे. नको म्हणत परत आलेली बाई धंद्याची खरी भागीदार झाली. तुमच्या घरात अशी व्यक्ती असेल तर तिला फक्त 'गल्ल्यावर बस' म्हणू नका, आकडे दाखवा.

श्रद्धेचं बिल दुकानात येतं

आता विषयाचा गाभा. कार्टर बाप्टिस्ट ख्रिस्ती. नौदलात असतानाही मुलांना संडे स्कूलमध्ये, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गात, शिकवायचे. पण श्रद्धा किती खरी, ते वर्गात कळत नाही. ते गिऱ्हाइकांसमोर कळतं.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर दक्षिणेत गावोगावी 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल' नावाच्या गोऱ्यांच्या संघटना निघाल्या. प्लेन्समध्ये गोऱ्या पुरुषांनी सभासद व्हायचं असा दबाव होता. वर्गणी किरकोळ होती. कार्टर यांनी नकार दिला. त्यांच्या गोदामावर बहिष्कार घालायचा प्रयत्न झाला, काही गिऱ्हाइकं गेली. १९६५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रार्थनेला येऊ द्यायचं नाही असा ठराव आला. कार्टर उठून विरोधात बोलले. ठराव मंजूर झालाच. विरोधातली मतं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातली बहुतेक कार्टर कुटुंबाची.

विचार करा. ज्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले, तेच सोमवारी खत घ्यायला येणार होते.

पण त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. १९७० च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात त्यांनी वर्णभेद मानणाऱ्या मतदारांना चुचकारलं, ही टीका खरी आहे. निवडून आल्यावर १९७१ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी वर्णभेदाचा काळ संपला असं जाहीर केलं, तेही खरं. तत्त्व एकदा पाळलं की कायमचं जमा होत नाही. प्रत्येक वेळी नव्याने पाळावं लागतं.

त्याआधी १९६६ ची निवडणूक ते हरले होते आणि पार खचले होते. बहीण रूथ यांच्याशी झालेल्या बोलण्यातून ते श्रद्धेकडे नव्याने वळले. मग काही काळ पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अनोळखी लोकांची दारं ठोठावत धर्मसेवेचं काम केलं. हरलेला उमेदवार दारोदार फिरतोय, आणि मत मागत नाहीये. याच सुमारास त्यांच्या आई लिलियन, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या मुंबईत, विक्रोळीला, परिचारिकेचं काम करत होत्या. सेवा या घरात बोलण्यापुरती नव्हती.

दुसऱ्यांदा शून्याच्याही खाली

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष होताना कार्टर यांनी आपला धंदा विश्वस्तांकडे सोपवला. पदाचा फायदा धंद्याला होतोय असं कोणी म्हणू नये, म्हणून स्वतः लक्ष घालायचं नाही अशी व्यवस्था केली. १९८० मध्ये निवडणूक हरले. परत येऊन बघतात तर गोदामावर सुमारे १० लाख डॉलरचं कर्ज! वय ५६. ज्या धंद्यासाठी नौदल सोडलं, तो धंदा विकावा लागला.

इथे धंद्याचा एक साधा धडा आहे: मालकाची नजर हटली की दुष्काळ आणि ढिसाळ कारभार मिळून धंदा खातात. पण दुसरी बाजूही बघा. त्यांनी नियम वाकवून धंदा वाचवला नाही. तोटा सोसला, पण नाव राखलं.

मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसून, भाषणांची भरमसाट फी घेऊन पैसा करणं सोपं होतं. त्यांनी तो रस्ता घेतला नाही. पुस्तकं लिहिली, तीसहून जास्त. १९६१ मध्ये बांधलेल्या दोन बेडरूमच्या घरातच राहिले. सुतारकाम हा जुना छंद. स्वतः बनवलेल्या फर्निचरचा लिलाव करून संस्थेसाठी पैसा उभा केला. चर्चमधली दानाची लाकडी ताटंही त्यांच्याच हातची.

हातात हातोडा, समोर नारू

१९८४ पासून कार्टर पती-पत्नी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या ख्रिस्ती संस्थेबरोबर दरवर्षी गरजूंची घरं बांधायला जाऊ लागले. १४ देशांत ४ हजारांहून जास्त घरं उभारण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचा हात लागला. २००६ मध्ये ते आपल्या लोणावळ्याजवळ मळवली परिसरात आले होते, १०० घरांच्या कामासाठी. या संस्थेची पद्धत लक्षात घ्या: घर फुकट नाही. कुटुंब स्वतः श्रम करतं आणि परवडेल असे हप्ते फेडतं. मदत घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

दुसरं काम नारूचं. जुन्या पिढीला विचारा, पायातून निघणारा तो जंत त्यांना आठवेल. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला. जगात १९८६ मध्ये दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा. कार्टर यांच्या संस्थेने हे काम हाती घेतलं. याला औषध नाही, लस नाही. पाणी गाळून प्या, नारू झालेल्याला पाणवठ्यात उतरू देऊ नका, एवढंच गावोगावी, वर्षानुवर्षं सांगायचं. २०२३ मध्ये जगभरात माणसांतले फक्त १४ रुग्ण नोंदले गेले. चॉक रिव्हरची शिस्तच इथे वापरली गेली असं मला वाटतं: छोटी कृती, पुन्हा पुन्हा, न चुकता.

२००२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तरी गावी असले की रविवारी मॅरनाथा बाप्टिस्ट चर्चमध्ये वर्ग घ्यायचे, वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत. रोझलिन २०२३ मध्ये गेल्या, ७७ वर्षांच्या संसारानंतर. कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले, वयाची शंभरी पूर्ण करून.

आता तुमचं काम

तुमचा धर्म कोणताही असो, किंवा नसो. या आठवड्यात वही घ्या आणि चार ओळी लिहा:

१. नोकरीतून मी रँक सोडून कोणत्या तीन सवयी घरी आणल्या? त्यातली एक धंद्यात कुठे लावता येईल?

२. माझा हिशोब माझ्याशिवाय घरात कोणाला कळतो? कोणालाच नसेल, तर या रविवारी एक तास बसा.

३. कोणती गोष्ट मी गिऱ्हाईक गेलं तरी करणार नाही? एकच लिहा, पण खरी लिहा.

४. धंदा नसेल तेव्हाही मी करत राहीन असं कोणतं काम आहे?

चौथ्या ओळीला वेळ लागेल, लागू द्या. नौदल गेलं, गोदाम गेलं, व्हाइट हाऊस गेलं, तरी कार्टर यांच्याकडे चौथ्या ओळीचं उत्तर तयार होतं. म्हणून सोमवारी काय करायचं हा प्रश्न त्यांना फार दिवस पडला नाही.

तुमची तिसरी ओळ कमेंटमध्ये नक्की लिहा, मी स्वतः वाचतो. भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, नेकीने करा!