दोघांतून तिसरा

लेखन हा एकट्याचा व्यवसाय, असे आपण मानतो. अर्जेंटिनाचे कादंबरीकार आदोल्फो बिओय कासारेस (१९१४–१९९९) यांनी तो एकट्याने केला आणि दुकट्यानेही.

१९४० साली निघालेली ‘मोरेलचा शोध’ ही कादंबरी सर्वस्वी त्यांची. बेटावर लपलेला एक फरारी आणि यंत्राने पुनःपुन्हा उमटणाऱ्या स्त्रीप्रतिमेवर जडलेले त्याचे प्रेम, असा तिचा विषय. भाषा संयत, बांधणी रेखीव.

पुढे १९४२ साली सहा गुन्हेकथांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. लेखक : एच. बुस्तोस दोमेक. असा गृहस्थ मुळी नव्हताच! बिओय आणि त्यांचे स्नेही होर्हे लुईस बोर्हेस यांनी आपापल्या पूर्वजांची आडनावे जोडून तो निर्माण केला होता. त्याचा नायक इसिद्रो पारोदी हा न केलेल्या गुन्ह्यासाठी कैदेत पडलेला न्हावी. भेटीस येणाऱ्यांच्या पाल्हाळातून तो कोठडीत बसल्या बसल्या रहस्य उलगडतो.

बोर्हेस वयाने पंधरा वर्षांनी वडील. अशा थोरल्याच्या सहवासात धाकट्याचा स्वर लोपण्याचे भय असते. येथे तसे झाले नाही. दोघेही एकत्र बसून लिहीत आणि जे उतरे ते तिसऱ्याच्याच वाचाळ, थट्टेखोर वाणीत. दोमेकने कोणाचीच नक्कल केली नाही. म्हणून बिओय यांचा स्वतःचा स्वर अबाधित राहिला. १९९० चे सर्व्हान्तेस पारितोषिक त्यांना त्यांच्याच नावाने मिळाले.

खरी भागीदारी माणसाला उणे करीत नाही. ती एकाची भर घालते.