चिंच तोंडात, घाम गालावर

बोळिंजच्या नाक्यावर तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड कुणी समोर धरली, की खाण्याआधीच तोंडाला पाणी सुटतं. पण तोंडाबरोबर गालालाही पाणी सुटलं तर? कानापुढची कातडी लाल होते, तापते, तिच्यावर घामाचे थेंब उभे राहतात. तेही एकाच बाजूला. दुसरा गाल कोरडा ठणठणीत.

समजा, हा माणूस काही महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला होता. आपटली हनुवटी, हाड मात्र मोडलं कानाजवळ, जबड्याच्या सांध्याशी. (हनुवटीवरचा मार तिथवर पोचतो, हेही एक नवलच.) ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, तोंड नीट उघडू लागलं. मग हा घाम कुठला?

त्या सांध्याला बिलगून ऑरिक्युलोटेम्पोरल नावाची नस जाते. तिच्यातले काही तंतू कानापुढच्या लाळग्रंथीला लाळ सोडायला लावतात, काही कातडीतल्या घामग्रंथींकडे जातात. हाड मोडताना किंवा बसवताना ते तुटू शकतात. तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, आणि वाढता वाढता लाळेचा तंतू कधी घामग्रंथीच्या दारात जाऊन उभा राहतो.

पण तिथे त्याचं ऐकतं कोण? खरी गंमत इथेच आहे. घामग्रंथींच्या नसा सिंपथेटिक गटातल्या. नसा रसायनांतून बोलतात, आणि त्या गटाची नेहमीची बोली नॉरॲड्रेनलिनची. घामग्रंथींना मात्र, अपवाद म्हणून, ॲसिटिलकोलिनची बोली कळते. लाळेचे तंतू बोलतात ती नेमकी हीच. पाहुणा घर चुकला, पण घरच्यांना त्याचं बोलणं कळलं!

असाच घाम येणाऱ्या, गोळी लागून जखमी झालेल्या एका सैनिकाला तपासून पोलिश डॉक्टर लुत्सिया फ्रे यांनी 1923 मध्ये या नसेवर बोट ठेवलं. म्हणून हा ‘फ्रे सिंड्रोम’. ज्यू असलेल्या फ्रे 1942 मध्ये ल्वूवच्या घेट्टोत मारल्या गेल्या.

शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकलेलं आठवतं? इथली तपासणी तीच. गालावर आयोडीन लावून वाळवायचं, वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि आंबट काहीतरी खायला द्यायचं. घाम फुटेल तिथे गाल निळा-काळा होतो.

त्रास थोडा असेल तर रुमाल पुरतो. जास्त असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन त्या तंतूंचं ॲसिटिलकोलिन अडवतं. काही महिन्यांनी असर ओसरला की पुन्हा घ्यावं लागतं. जबड्याच्या ऑपरेशननंतर जेवताना एकच गाल ओला होत असेल, तर ‘तिखट लागलं असेल’ म्हणून नुसता पुसू नका. डॉक्टरांना दाखवा.