स्कूबा केलंय, पण पोहता येत नाही!

माझ्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ आहे. मालवणच्या समुद्रात, पाण्याखाली मी. तोंडात नळी, भोवती माशांचा थवा आणि कॅमेऱ्याकडे बघून दोन बोटांची ती ‘ओके’ची खूण. एकदम हीरो! माझं सिलिंडर मागून एका पोरानं घट्ट धरून ठेवलंय, तो फ्रेममध्ये येत नाही. लाइक्स मात्र मला मिळाले.

आता गंमत ऐका. हा व्हिडिओ काढला तेव्हा मला पोहता येत नव्हतं. म्हणजे अजिबातच नाही. किनाऱ्यावर त्यांनी सांगितलंच होतं, ‘पोहता येत नसलं तरी चालेल.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं.

तिशीच्या आत पुरुषानं काय काय करायलाच हवं, याच्या याद्या आपण सगळेच वाचतो. 2011 साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि आमच्या पिढीच्या डोक्यात ही यादी पक्कीच बसली. स्कूबा, विमानातून उडी, बैलांपुढे धावणं. मीही तसाच लेख लिहायला बसलो होतो. तीस नंबरांची यादी, प्रत्येकाखाली दोन ओळी. सातव्या नंबरला लिहिलं, ‘वाहत्या नदीत पोहा’, आणि हात थांबला.

कारण मी राहतो विचुंब्यात. पनवेल स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडायची, पुढच्या टॉवरांच्या जाहिराती बघत यायचं. गावाला लागून गाढी नदी. माथेरानच्या डोंगरात उगम पावते, देहरंगच्या गाढेश्वर धरणात अडते आणि मग आमच्याकडे येते. उन्हाळ्यात बिचारी, जुलैत मात्र तिच्याकडे बघवत नाही. शेजारचे आगरी काका लहानपणी याच नदीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकले. मला येत नाही म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘पोवता येत नाय? आन नदीच्या काठाला रूम घेतलीस?’

मी हसून वेळ मारून नेली. पण ते हसणं खरं नव्हतं.

2017चा जुलै. कॉलेजचे आम्ही अकरा जण गाढेश्वरच्या बाजूला एका ओढ्यावर गेलो होतो. पावसाळ्यात त्या भागात पिकनिकला पोलिसांची बंदी असते. का असते, हा विचार तेव्हा कोण करतो? पाणी गुडघाभर, स्वच्छ. आम्ही उभे होतो तिथे पाऊसही नव्हता. मग पाण्याचा रंग बदलला. आधी मातकट, मग लालसर, वरून पाला-काटक्या वाहत आल्या. आम्ही त्याचे फोटो काढले! वर डोंगरात पाऊस कोसळतोय आणि तो आता आपल्याकडे निघालाय, याचंच ते पत्र होतं. आम्हाला वाचता आलं नाही, इतकंच.

दोनेक मिनिटांत पाणी कमरेला आलं. दहा जण कसेबसे काठावर पोचलो. अकरावा मधल्या खडकाला मिठी मारून राहिला. तो ओरडत होता आणि आम्ही दहा धडधाकट पुरुष काठावरून ओरडत होतो. कुणालाच पोहता येत नव्हतं, कुणाकडे दोर नव्हता. एकानं शर्ट काढला आणि उडी मारायला निघाला. पोहता त्यालाही येत नव्हतं! दोघांनी त्याला धरून ठेवलं. त्या दिवशी आमच्याकडून झालेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

वाचवलं ते तिथल्या एका पोरानं. आमच्यापेक्षा लहानच असेल. खांद्यावर बैलांचा कासरा होता. त्यानं एक टोक झाडाला बांधलं, दुसऱ्याला मोठा फास केला, थोडं वरच्या अंगाला जाऊन दोर फेकला. तिसऱ्या फेकीला लागला. ‘काखेतनं घे,’ एवढंच ओरडला. तो स्वतः पाण्यात उतरला नाही. मला तेव्हा त्याचा थोडा रागही आला होता, हे कबूल करतो. बुडणाऱ्याला वाचवायचा क्रम नेमका तोच असतो, हे पुष्कळ नंतर कळलं. आधी हाका मारून मदत गोळा करा, मग काठी, ओढणी, जे असेल ते पुढे करा, मग दोर किंवा रिकामा कॅन फेका. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही शिकलेल्यानंच. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाच धरून खाली नेतो.

परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही. घरी कुणीच सांगितलं नाही. पुढची सात-आठ वर्षं ‘त्या दिवशी’चा किस्सा आम्ही पार्ट्यांमध्ये विनोद म्हणून सांगितला, आणि पोहायला एकही जण शिकला नाही. उलट मी स्कूबा करून आलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2021 साली जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुप्पट. कारणंही दिली आहेत. एकट्यानं पोहायला जाणं, पिऊन पाण्यात उतरणं वगैरे. ही यादी ओळखीची वाटते ना?

तर यादी बाजूला ठेवली आणि पनवेलमधल्या एका तलावावर सकाळची बॅच लावली. बिगिनर्समध्ये मी सोडून सगळे आठ-नऊ वर्षांचे. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं विचारलं, ‘काका, तुमचा मुलगा कुठाय?’

पहिला आठवडा पोहणं नाहीच. पाण्यात तोंड घालून श्वास बाहेर सोडायचा, बुडबुडे काढायचे. मग तरंगणं. पोरं लगेच पानासारखी पसरतात. मी दगड! सर म्हणाले, ‘तुम्ही डोकं वर काढता म्हणून पाय खाली जातात. सोडून द्या.’ सांगायला सोपं आहे हो. डोकं वर ठेवायची सवय इतक्या वर्षांची. अकराव्या दिवशी कान पाण्यात गेले, सगळा आवाज बंद झाला आणि छताकडे बघत मी तरंगत होतो. चार-पाच सेकंद असतील. मालवणच्या अख्ख्या व्हिडिओत तेवढी मजा नव्हती. त्याचा व्हिडिओ नाही.

मग दोर हातात घेतला. ‘बोलाइन’ नावाची एक गाठ आहे. कितीही ताण आला तरी तिचा फास आवळत नाही, म्हणून माणसाभोवती टाकता येते. ट्रेकिंगवाल्या मित्रानं अर्ध्या तासात शिकवली. नंतर महिनाभर मी लॅपटॉपच्या चार्जरला ती घालत होतो. त्या पोरानं कासऱ्याला अशीच काहीतरी घातली असणार.

ऑक्टोबरात चौघे कलावंतिणीला गेलो. ठाकूरवाडीतून चढून प्रबळमाचीला पोचलो. समोर तो सुळका, कड्यात कोरलेल्या पायऱ्या, कठडा नाही. रीलमध्ये दिसतो त्याच्या दुप्पट अंगावर येतो. दुपारी एकला प्रबळगडामागे ढग चढायला लागले. माचीवरचा ठाकर वाटाड्या आकाशाकडे बघून म्हणाला, ‘दादा, आज वर नको.’ आमच्यातला एक वैतागला. ‘एवढं आलोय, आता काय परत?’ माझ्याही तोंडावर तेच होतं. पण मला एकदम ते मातकट पाणी आठवलं. म्हटलं, मी थांबतो, तुम्ही जा. असं म्हणताना कान तापले, खोटं कशाला बोलू? गंमत म्हणजे लगेच दुसराही म्हणाला, ‘मीपण.’ मग तिसरा.

एका मावशींच्या घरी पिठलं-भाकरी सांगितली. जेवण होईपर्यंत चूल पेटवून बघतो म्हटलं, तर निम्मी काड्यापेटी संपवली. मावशींनी मला सरकवलं, जाड लाकडं बाहेर ओढली, खाली बारीक काटक्या रचल्या, हवेला वाट ठेवली. एका काडीत जाळ! तासाभरात विजा सुरू झाल्या आणि त्या पायऱ्यांवरून पाणी धबाधबा खाली यायला लागलं. वैतागलेला मित्र दारात उभा राहून ते बघत होता. काही बोलला नाही. दुसरी भाकरी मागितली.

तो खडकाला मिठी मारलेला अकरावा आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या महिन्यात त्याला फोन करून पहिल्यांदाच सरळ विचारलं, ‘अजून भीती वाटते का रे?’ तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘पोरीला वॉटरपार्कला नेत नाही मी. बायकोला सांगतो, स्किनचा प्रॉब्लेम आहे.’

मी म्हटलं, सकाळी सहाची बॅच आहे. सगळी पोरंच असतात, काका म्हणतात.

सोमवारी तो आला. नवा कोरा गॉगल, पट्टीला प्राइस टॅग तसाच लटकलेला.